पडक्या गोठ्यांच्या राडारोड्याची सुरक्षित विल्हेवाट

रब्बीची रास घरी आली आणि फाल्गुन सरला, की धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत घरदुरुस्तीच्या कामांना प्रारंभ होतो. पावसाळ्यात खचलेल्या भिंती उतरविणे, गळके माळवद काढून पत्रे घालणे, पडका गोठा मोडून त्या जागी नवा बांधणे ही कामे मृगापूर्वी उरकावी लागतात. घरकुल योजनेतून पक्के घर मंजूर झाले, तर जुने घर पाडावेच लागते. या कामांतून निघणारा राडारोडा, म्हणजे दगड, माती, लाकूड व कौलांचे तुकडे, कोठे टाकावा याचा विचार मात्र फारसा केला जात नाही. दगड नव्या पायात जातात, लाकूड चुलीत जाते आणि माती शेतात जाते.

माती शेतात नेण्याची ही चाल चुकीची नाही. जुन्या गावठाणाच्या पांढरीची माती पिकास मानवते हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते. ज्या भिंतींच्या आश्रयाने वर्षानुवर्षे गुरे बांधली गेली, त्यांच्या पायथ्याशी शेणमूत मुरते, त्यातील नत्राचे रूपांतर सोऱ्यात होते आणि भिंतीवर पांढरी फूल दिसू लागते. चुलीच्या राखेतील पालाशाचीही तीत भर पडते. अशी माती हलक्या रानात टाकली असता पीक तरारून येते, हे कोणीही शेतकरी सांगेल.

परंतु या नियमास एक अपवाद आहे. तो ध्यानात न घेतल्यास खत म्हणून शेतात नेलेली माती पुढील अनेक वर्षे गुरांच्या जिवावर उठू शकते. प्रस्तुत लेखात त्या अपवादाचा विचार करावयाचा आहे.

एक प्रसंग

लोहारा तालुक्यातील एका गावी गतवर्षी उन्हाळ्यात जाण्याचा योग आला. वेशीजवळ एका वृद्ध शेतकऱ्याचा जुना गोठा मोडण्याचे काम चालू होते. गव्हाण फोडून झाली होती व माती ट्रॉलीत भरली जात होती. सहज चौकशी करता समजले की, काही वर्षांपूर्वी याच गोठ्यात एका पावसाळ्यात आठ दिवसांच्या आत दोन बैल दगावले होते. संध्याकाळी वैरण खाल्लेले जनावर सकाळी मरून पडलेले, पोट फुगलेले आणि नाकातून काळसर रक्त आलेले, असे वर्णन त्यांनी केले. रक्ताची तपासणी झाली नव्हती. साप चावला असावा, असे समजून बैल ओढ्याकाठी पुरण्यात आले होते.

ही माती शेतात नेऊ नये, असे मी सुचविताच ते म्हणाले, "साहेब, मागच्या साली सभेत तुमीच सांगितलं हुतं की जुन्या भितीची माती म्हंजी खत. अन् आता तुमीच नको म्हणताव?"

त्यांचे म्हणणे खरे होते. सभेत मी पांढरीच्या मातीची शिफारस केली होती. मात्र गोठ्यात जनावर कशाने मेले याची चौकशी करूनच माती उचलावी, हे सांगावयाचे राहून गेले होते. त्या बैलांचा रोग कोणता होता हे आता कोणासही सांगता येणार नाही. जेथे सांगता येत नाही, तेथे संशय धरून वागणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्या सल्ल्याने गव्हाणीची व जमिनीची माती खड्ड्यात पुरण्यात आली. भरलेली ट्रॉली अद्याप शेतात रिकामी झालेली नव्हती, ही सुदैवाची गोष्ट.

मातीत टिकणारे रोगजंतू

जनावरांचे बहुतेक रोगजंतू शरीराबाहेर फार काळ जगत नाहीत. घटसर्पाचे जंतू उन्हाने व कोरडेपणाने लवकर मरतात. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोस्पायरा जंतू ओल असेतोवरच जगतात. लाळखुरकताचे विषाणूही उन्हात तग धरीत नाहीत.

काळपुळी, जिला फाशी असेही म्हणतात, तिचे जंतू मात्र निराळ्या जातीचे आहेत. आजारी जनावराच्या रक्तास हवा लागली, की हे जंतू स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करून बीजाणूंचे रूप घेतात. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली हे जीवनचक्र प्रथम सिद्ध केले. बीजाणू ऊन, थंडी, कोरडेपणा यांना दाद देत नाहीत आणि मातीत कित्येक दशके जिवंत राहतात. फऱ्या व धनुर्वात या रोगांचे जंतूही बीजाणूंच्या रूपाने मातीत वर्षानुवर्षे राहतात.

फ्रान्समधील काही कुरणांत मेंढ्या दरवर्षी काळपुळीने मरत. त्या कुरणांना तेथील लोक शापित समजत असत. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास त्याचे कारण शोधले. त्यांच्या मते पूर्वी पुरलेल्या मेंढ्यांभोवतालची माती गांडुळे वर आणीत होती व तिच्याबरोबर बीजाणूही वर येत होते. स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड बेटावर १९४२ साली युद्धकाळात या जंतूंचे प्रयोग करण्यात आले. ते बेट शुद्ध करण्यासाठी १९८६ साली समुद्राच्या पाण्यात मिसळलेले २८० टन फॉर्माल्डिहाइड जमिनीवर शिंपावे लागले, आणि १९९० साली ते सुरक्षित म्हणून जाहीर झाले. रशियातील यामल द्वीपकल्पावर १९४१ नंतर हा रोग दिसला नव्हता. २०१६ च्या उन्हाळ्यात तेथील गोठलेली जमीन विरघळली आणि दोन हजारांहून अधिक रेनडियर या रोगाने मेले.

आपल्या जिल्ह्यापुरता यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. काळपुळीचे बीजाणू अल्कधर्मी व कॅल्शियमयुक्त जमिनीत अधिक काळ टिकतात. आपली काळी जमीन बहुतांशी चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहे. म्हणजे जी जमीन आपल्या ज्वारीला व हरभऱ्याला पोसते, तीच या बीजाणूंनाही सांभाळते.

किल्लारीच्या भूकंपाची शिकवण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप या भागातील कोणी विसरणे शक्य नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले, आज लोहारा तालुक्यात मोडणारे सास्तूर ही गावे व त्यांच्या आसपासची अनेक खेडी काही क्षणांत जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीच्या जड माळवदाखाली सुमारे आठ हजार माणसे व पंधरा हजारांहून अधिक जनावरे गाडली गेली. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले.

एवढी प्रेते व मढी ढिगाऱ्यात असल्यावर साथ येणारच, अशी समजूत अशा प्रसंगी सर्वत्र पसरते. ती निराधार आहे. घर अंगावर पडून मेलेले निरोगी जनावर किंवा मनुष्य साथीचा रोग निर्माण करू शकत नाही, कारण जो जंतू शरीरात नव्हता तो मेल्यावर उत्पन्न होत नाही. अशा प्रसंगी खरी भीती दूषित पाण्याची आणि ढिगारा उपसताना होणाऱ्या जखमांतून धनुर्वाताची असते.

तेव्हा ढिगाऱ्यात जनावर मेले एवढ्यावरून तो ढिगारा दूषित ठरत नाही. ते कशाने मेले, यावर सर्व अवलंबून आहे. भूकंपात मेलेल्या शंभर बैलांच्या मातीपेक्षा काळपुळीने मेलेल्या एका बैलाच्या गव्हाणीची माती अधिक घातक होय.

राडारोड्याचे तीन ढीग

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधकाम पाडण्यापूर्वीच पुढीलप्रमाणे वर्गवारी करून द्यावी.

पहिला ढीग स्वच्छ राडारोड्याचा. राहत्या घराच्या भिंती, माळवदाची माती आणि ज्या गोठ्यात संशयास्पद मृत्यू झालेला नाही अशा गोठ्याची माती यात येते. दगड व लाकूड पुन्हा वापरावे आणि माती निःशंकपणे शेतात न्यावी.

दुसरा ढीग मळलेल्या राडारोड्याचा. पुराचे पाणी, संडासाचे पाणी किंवा उंदरांची घाण ज्यात मुरली आहे, किंवा ज्या गोठ्यात लाळखुरकताची गुरे होती, तो राडारोडा यात मोडतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम व परंडा तालुक्यांत पुराने पडलेली घरे व गोठे याच वर्गातील होत. ही माती पातळ पसरून दोन ते तीन आठवडे कडक उन्हात वाळवावी व मधून मधून उलटावी. त्यानंतर ती शेणखताच्या ढिगात मिसळून कुजू द्यावी. चांगल्या रचलेल्या ढिगात ५५ ते ६० अंश सेल्सियस उष्णता निर्माण होते व सामान्य जंतू तीत मरतात. लाळखुरकताच्या गोठ्यातील दगड व लाकूड धुण्याच्या सोड्याच्या ४ टक्के द्रावणाने, म्हणजे दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सोडा विरघळवून, धुवावे.

तिसरा ढीग संशयित राडारोड्याचा. ज्या गोठ्यात काळपुळीने किंवा फऱ्याने जनावर मेल्याचे निदान झाले आहे, अथवा जनावर अकस्मात मरून त्याच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे रक्त आले आहे, तेथील जमीन, गव्हाण, मूत्रनाली व भिंतीचा खालचा भाग या वर्गात येतो. हा ढीग ऊन किंवा खताची उष्णता यांनी शुद्ध होत नाही. त्यास खोल खड्ड्यात पुरणे हाच उपाय आहे. खालील सूचना या तिसऱ्या ढिगासाठी आहेत. काम पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवून त्यांच्या देखरेखीखालीच करावे.

पाडकाम करताना

१. कोरडी माती उडू देऊ नये. आदल्या सायंकाळी व काम चालू असताना झारीने पाणी शिंपडावे. पाणी वाहून जाईल इतके मात्र ओतू नये.

२. काम करणाराने नाकातोंडावर चांगल्या प्रतीचा मुखपट, हातात रबरी मोजे, पायात गमबूट व अंगभर कपडे घालावेत. अंगावर उघडी जखम असणाराने हे काम करू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. कामाच्या जागी खाणे, पिणे किंवा बिडी ओढणे कटाक्षाने टाळावे.

३. गव्हाणीचे लाकूड, खुंटे, दावी व उरलेली वैरण जागेवरच चर खणून जाळावी. हे लाकूड चुलीसाठी घरी नेऊ नये.

४. गोठ्याच्या जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटर थर, संपूर्ण गव्हाण व भिंतीच्या आतील बाजूचा एक मीटर उंचीपर्यंतचा गिलावा काढावा. त्यावरील भिंतीची माती पहिल्या ढिगात घेता येईल किंवा नाही, हे पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारून ठरवावे.

५. माती खड्ड्यापर्यंत नेताना ट्रॉलीवर ओले गोणपाट झाकावे. काम संपताच ट्रॉली व अवजारे खड्ड्याच्या तोंडाशीच स्वच्छ करावीत. कपडे अर्धा तास पाण्यात उकळावेत.

पुढील दोन आठवड्यांत हातावर किंवा मानेवर न दुखणारी, मध्यभागी काळी पडणारी पुळी दिसल्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण कोणते काम केले होते ते डॉक्टरांस सांगावे. वेळीच प्रतिजैविक औषध मिळाल्यास हा विकार बरा होतो.

खड्ड्याची जागा

खेड्यात राडारोडा टाकण्याच्या नेहमीच्या जागा तीन असतात : पडकी विहीर, ओढ्याचा काठ व सोडून दिलेली दगडाची खाण. या कामासाठी तिन्ही जागा सर्वस्वी वर्ज्य समजाव्यात. पडकी विहीर म्हणजे भूजलाचे उघडे तोंडच होय. ओढ्याकाठची माती पहिल्या पुरात खालच्या गावाच्या शिवारात जाते. खाणीतील कातळाच्या भेगांतून पाणी दूरवरच्या विहिरींत उतरते.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांत रुग्णालयीन कचऱ्याच्या खोल पुरणासाठी जी प्रमाणे सांगितली आहेत, ती आपल्यासही मार्गदर्शक ठरतील. त्यांनुसार खड्डा २ मीटर खोल असावा, निम्माच भरावा, वस्तीपासून दूर असावा, जवळपास उथळ विहीर नसावी, जागा पुराखाली येणारी किंवा धुपणारी नसावी आणि खड्ड्याच्या तळापासून भूजलाची पातळी किमान ६ मीटर खाली असावी.

खड्डा २ मीटर आणि त्याखाली ६ मीटर, असे मिळून ८ मीटर, म्हणजे सुमारे २६ फूट होतात. जवळच्या विहिरीतील पाणी जमिनीपासून २६ फुटांच्या आत येत असेल, तर ती जागा सोडून द्यावी. मात्र हे मोजमाप वैशाखात घेऊन चालणार नाही. त्या वेळी आपल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी कोठवर चढते ते शेतकऱ्यास विचारावे, किंवा विहिरीच्या आतील कडेवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते ती पाहावी.

खड्ड्याचे मोजमाप व भरणी

उदाहरणार्थ, ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद गोठा घेऊ. जमिनीच्या १५ सेंटिमीटर थराची माती ३.६ घनमीटर भरते. भिंतींचा घेर २० मीटर, काढावयाच्या गिलाव्याची उंची १ मीटर व जाडी ५ सेंटिमीटर धरल्यास तो १ घनमीटर होतो. गव्हाण सुमारे १.४ घनमीटर धरू. एकूण ६ घनमीटर. खणलेली माती फुगते, म्हणून एकतृतीयांश वाढ धरून ८ घनमीटर. खड्डा निम्माच भरावयाचा असल्याने त्याची धारणक्षमता १६ घनमीटर हवी. अर्थात ४ मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर खोल खड्डा एका साधारण गोठ्यास पुरेसा होतो.

माळावर मुरूम लवकर लागतो व त्यात भेगा असतात. म्हणून तळाशी ३० सेंटिमीटर काळी चिकण माती ओलवून चोपावी. या थरासाठी खड्डा तेवढाच अधिक खोल खणावा व पाण्याची पातळी मोजतानाही ही वाढीव खोली धरावी. त्यावर राडारोडा थराथराने टाकावा व प्रत्येक थरावर १० सेंटिमीटर स्वच्छ माती पसरावी.

चुन्याविषयी येथे खुलासा करणे अवश्य आहे. दूषित वस्तू पुरताना कळीचा चुना टाकण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. दुर्गंधी व सामान्य जंतू यांवर चुना उपयोगी पडतो. काळपुळीचे बीजाणू मात्र चुन्याने मरतील असा भरवसा धरता येत नाही. उलट चुन्यातील कॅल्शियम त्यांना टिकून राहण्यास साहाय्यभूत होते, असे तज्ज्ञांचे मत आहे. म्हणून काळपुळीच्या संशयात चुन्यावर विसंबू नये. फॉर्मॅलिनसारखे औषध वापरावयाचे किंवा नाही, हे पशुधन विकास अधिकारी ठरवितील. ते विषारी असल्याने शेतकऱ्याने स्वतः हाताळू नये.

वरच्या एक मीटर भरावात केवळ काळी माती घालू नये. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात व त्यांतून पावसाचे पाणी थेट खाली उतरते. काळ्या मातीत मुरूम मिसळून, पाणी मारून, थर देत चोपावे आणि माथा गाडग्याच्या पाठीसारखा उंचवटा देऊन गोल करावा. सभोवार पाणी वळविण्यासाठी चर खणावा व काटेरी तारेचे कुंपण घालावे. तेथे गुरे चरू देऊ नयेत व वैरण कापू नये.

नोंद व खूण

खड्डा बुजविला म्हणजे काम संपले असे नाही. आज गावात प्रत्येकास तो खड्डा ठाऊक असेल. परंतु तीस वर्षांनी त्या जागी पाइपलाइनसाठी यंत्राने चर खणला जाईल, तेव्हा सांगणारा कोणी नसेल. म्हणून खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांवर दगड रोवावेत. गट क्रमांक, खड्ड्याची जागा, पुरल्याची तारीख व कारण यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात करावी. हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आपले विशेष कर्तव्य समजावे.

तसेच यापुढे जनावर अकस्मात दगावल्यास त्याचे कातडे सोडवू नये व त्याची चिरफाड करू नये. मढे न उघडल्यास आतील जंतू कुजण्याच्या क्रियेत बहुतांशी नष्ट होतात. ते उघडले, की हवा लागून बीजाणू तयार होतात. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ यानुसार अशा रोगाचा संशय येताच खबर देणे पशुपालकावर बंधनकारक आहे. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही पशुवैद्यकीय साहाय्य मागविता येते. कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन पशुवैद्य रोगाचे निदान करू शकतात. त्या एका थेंबाने पुढील पिढीचा संशय मिटतो. आरंभी सांगितलेल्या प्रसंगात तेवढेच राहून गेले होते.

शेतकरी बंधूंनी पांढरीची माती अवश्य वापरावी. मात्र गोठ्याच्या भिंतीला पहार लावण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या मंडळींना एक प्रश्न विचारावा : या दावणीला कधी जनावर अचानक मेले होते काय? उत्तर होकारार्थी आल्यास पहार खाली ठेवावी आणि प्रथम पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.